शिशाचे मोदक

आखातातल्या आमच्या फुजैराच्या बिल्डिंगमध्ये राजाभाऊ वर्तकांना सगळे 'सेफ्टीवाले' म्हणतात. तेलाच्या टर्मिनलवर ते सेफ्टी ऑफिसर, आणि ते काम त्यांच्या अंगात इतकं मुरलंय की आमच्याकडे चहाला आले तरी आधी गॅसच्या नळीवरची तारीख बघतात, मग खुर्चीत बसतात. माझा नवरा अनिल त्याच टर्मिनलवर नोकरीला. एकदा तो ट्यूबलाइट बदलायला स्टुलावर चढला तर समोरच्या उघड्या दारातून हे ओरडले, "अनिल, खाली उतर! खाली सपोर्टला माणूस कुठेय?" मी स्वयंपाकघरातून बाहेर येईपर्यंत दोघांची मीटिंग सुरू झाली होती. ट्यूब शेवटी वॉचमनने बदलली.

माणूस मूळचा वसईकडचा, वाढला माहीमला. समुद्र दिसला नाही की यांचं डोकं दुखतं, असं साधना म्हणायची. साधना म्हणजे त्यांची बायको, माझी शेजारीण, आणि खरं सांगायचं तर या परक्या मुलखातली माझी एकुलती एक मैत्रीण. राजाभाऊंना दोनच नाद, गरवणं आणि भाषण देणं. सुट्टीच्या दिवशी सकाळी घडीची खुर्ची, गळाची काठी आणि बर्फाचा डबा घेऊन ते ब्रेकवॉटरवर, बंदराच्या दगडी बांधावर, जायचे, आणि दुपारी शेरी नाहीतर सफी असले इकडचे मासे घेऊन यायचे. आमच्या दाराला पिशवी अडकवून जायचे. मासे साफ केलेले, बरं का! सुरी कशी धरायची हे आम्हा कोणालाच कळत नाही असं त्यांचं ठाम मत होतं, त्यामुळे खवलंसुद्धा तेच काढायचे. मी कधी हरकत घेतली नाही.

साधनाचा नाद एकच, वाटणं. त्यांच्याकडे दीड दिवसाचा गणपती बसायचा. देवासाठी उकडीचे एकवीस, आणि माणसांसाठी माव्याचे परातभर. माव्याचे मोदक एवढेसे असायचे, अंगठ्याच्या पेराएवढे. ॲल्युमिनियमचा एक दोन पाखांचा साचा तिने लग्नानंतर दादरला घेतला होता. बिजागरी ढिली झाली होती, पण कळ्या काय रेखीव उठायच्या त्यातून! मग परात घेऊन बाई मजल्यामजल्यावर फिरायची. मल्याळी, पाकिस्तानी, फिलिपिनो, खालच्या लाँड्रीतला बंगाली, सगळ्यांना एकच वाक्य, "हात आगे करो." तिच्यासमोरून रिकाम्या हाताने गेलेला माणूस मी पाहिला नाही.

करोनाची धांदल ओसरत होती तेव्हा साधना गेली. करोनाने नाही. पोटात गाठ निघाली, आणि आम्ही रिपोर्टमधले शब्द समजून घेत होतो तोवर ती गेलीसुद्धा. मैथिली, त्यांची मुलगी, शारजाला अल नहदात राहते आणि रोज दुबईला नोकरीला जाते. 'बाबा, माझ्याकडे चला' म्हणून तिने खूप धरलं. राजाभाऊ हलले नाहीत. नहदाला खिडकीतून समोरचा टॉवर दिसतो, तिथे मी काय बघू, म्हणाले.

पुढच्या गणपतीत एका सकाळी मला जळका वास आला. सेफ्टीवाल्यांच्या घरातून धूर! धावत गेले तर कढईत माव्याचा कोळसा झालेला, आणि हे साचा हातात धरून उभे. "वहिनी, ही नुसतं बघून करायची हो," म्हणाले. "मी इतकी वर्षं शेजारी उभा राहून बघितलं नाही." मी कढई घासली, साचा धुऊन पुसून त्यांच्या हातात दिला, आणि घरी येऊन दार लावून रडले.

आता पुढची गोष्ट सांगताना मला अजूनही राग येतो, तो येऊ दे. त्याच थंडीत एका संध्याकाळी मी कपडे काढायला गच्चीवर गेले. तिथे राजाभाऊ पिकनिकची शेगडी मांडून बसलेले. तोंडाला मास्क, डोळ्यांवर गॉगल, कोपरापर्यंत चामड्याचे हातमोजे. लोखंडी कढईत काहीतरी चांदीसारखं चकाकत होतं. टायरवाल्याकडून चाकांना लावायची जुनी शिशाची वजनं त्यांनी आणली होती आणि ती वितळवून गळाला बांधायची वजनं पाडत होते. हे ते पूर्वीही करायचे, वाळूत खड्डा करून. आज मात्र मेणबत्तीवर धरून आतून काजळी धरवलेला साधनाचा साचा त्यांनी उलटा उभा केला होता. पळीने शिसं ओतलं, थोडं थांबले, पाखं उघडली. आतून शिशाचा मोदक पडला. कळ्या जशाच्या तशा, आणि टोकाला दोरी ओवायला तांब्याच्या तारेचं कडं.

मी पेटलेच. "राजाभाऊ, देवाचा साचा आहे तो! लाज वाटत नाही?"

"वहिनी, आधी तीन फूट मागे व्हा. शिसं उडतं."

"साधनाने काय म्हटलं असतं?"

त्यांनी गॉगल वर केला. डोळे लाल होते. "मावा मला जमत नाही. हे जमतं. तो साचा कपाटात रिकामा पडलेला मला बघवत नाही हो."

तरी मी बजावलं की हा साचा पुन्हा स्वयंपाकघरात आलेला चालणार नाही. त्यावर उलट मलाच ऐकावं लागलं, "मला सेफ्टी शिकवता? हे बघा." साच्याच्या पाठीवर त्यांनी लाल रंगाने आधीच लिहून ठेवलं होतं, 'नॉट फॉर फूड'. आठवडाभर मी त्यांच्याशी बोलले नाही. मग एका दुपारी दाराला सफीची पिशवी लागली आणि माझा राग तळणीत गेला.

ब्रेकवॉटरवर त्या मोदकांचं फारच कौतुक झालं. तिथे सगळ्या देशांची माणसं गळ टाकून बसतात. त्यातला शौकत हा पेशावरकडचा, पिकअप चालवतो. हम्माद इथलाच म्हातारा, बंदरातून रिटायर झालेला, जुन्या माणसांसारखा छान हिंदी बोलतो. मोदकाचं बूड जड, त्यामुळे तो लाटेत तरंगत नाही, जाग्यावर बसतो. फक्त कळ्यांमुळे खडपात अडकायचाही लवकर. दोरी तुटली की वजन तळाला. "टूट गया? खलास? हात आगे करो," म्हणत राजाभाऊ पिशवीत हात घालायचे आणि मूठभर काढून द्यायचे. एका पैशाला विकला नाही त्यांनी मोदक. मी एकदा बरोबर गेले होते तेव्हा पाहिलं. एकेकापाशी थांबून, हातावर ठेवून, क्षणभर तो काय म्हणतोय ते ऐकून, मग पुढे. साधना परात घेऊन फिरायची तसंच. माझा उरलासुरला राग तिथे विरघळला. बायको गेल्यावर दारू धरणारी माणसं मी पाहिली आहेत. हा माणूस वाटत सुटला होता.

मास्तर त्याच सुमारास आला. मास्तर म्हणजे राखी बगळा. खांदे वर काढून, मान आत ओढून, एका पायावर उभा राहून पोरांच्या चुका बघतोय अशी मुद्रा, म्हणून मास्तर. डाव्या पायाचं एक बोट वाकडं होतं, त्यामुळे तो ओळखता यायचा. ऑक्टोबरात यायचा, ऊन तापायला लागलं की जायचा, आणि पुढच्या ऑक्टोबरात पुन्हा त्याच दगडावर हजर. राजाभाऊंनी त्याला सवय लावली. उजवा हात डोक्यावर उंच करायचे, जरा थांबायचे, आणि मग लहानसा मासा टाकायचे. हात वर दिसला की मास्तर एकेक पाऊल मोजून टाकत येई. मासा सबंध गिळायचा, गळ्यातून खाली उतरताना दिसायचा. मग पुन्हा मान आत. दोन थंड्यांनंतर त्याच्या मागे एक लहानखुरा बगळा उभा राहायला लागला. मास्तर करेल ते करायचा. मी त्याचं नाव मॉनिटर ठेवलं.

"वहिनी, तो मला ओळखतो," राजाभाऊ सांगायचे. "दुसऱ्याने हात वर केला तर ढुंकून बघत नाही." खरं-खोटं देव जाणे. पण ऑक्टोबर जवळ आला की हा माणूस कात्रीने केस कापून घ्यायचा, शर्टाला इस्त्री करायचा. पाहुणा यायचा असल्यासारखा. मैथिलीशी फोनवर स्वतःबद्दल बोलायला त्यांना कधी जमलं नाही, मास्तरबद्दल मात्र अर्धा तास बोलायचे, आणि तेवढ्यात ती बाप जेवतोय का, झोपतोय का, याचा अंदाज घ्यायची.

मैथिलीला पक्ष्यांचं वेड होतंच. दुबईत रास अल खोरला गोदामांच्या आणि वर्कशॉपांच्या पलीकडे पाणथळ आहे, फ्लेमिंगो उतरतात तिथे. सुट्टीच्या दिवशी ती एका ग्रुपबरोबर पक्षी मोजायला जाते. मागच्या दिवाळीला आमच्याकडे जेवताना तिनेच विषय काढला. गळाला लावायचं शिसं पक्ष्यांच्या पोटात जातं आणि ते विषबाधेने मरतात. काही देशांत त्यावर बंदी आहे, इथेही असायला हवी, निदान ब्रेकवॉटरवरच्या माणसांनी आपणहून सोडावं, असं तिचा ग्रुप सांगत फिरत होता. "बाबा, यू शुड बी द फर्स्ट टू स्टॉप," ती म्हणाली.

राजाभाऊंनी पुरी खाली ठेवली. "समुद्र केवढा, आणि माझं शिसं केवढं? तुझं ते टंगस्टनचं वजन, एक नग पंधरा दिराम. म्हणजे साडेतीनशे रुपये! कशाला, खडपात अडकवायला? बंदी घालायची तर तेल सांडणाऱ्यांवर घाला. मी ग्लव्ह्ज घालतो, मास्क घालतो, उघड्यावर काम करतो. फुल पीपीई."

"दॅट्स फॉर यू, बाबा. व्हॉट अबाउट द बर्ड?"

"पक्ष्याला अक्कल असते. मास्तर शिळा मासासुद्धा घेत नाही."

"ही स्वॅलोज इट होल! ही डझन्ट चेक व्हॉट्स इनसाइड." आणि मग जरा थांबून, "अँड यू यूज आई'ज मोल्ड."

आईचं नाव निघालं. राजाभाऊ उठून हात धुवायला गेले. अनिलने उगाच श्रीखंड पुढे केलं. बापलेकीत त्यानंतर शिशाचा विषय निघाला नाही, आणि फोनही जरा लहान झाले.

या जानेवारीत एका शनिवारी राजाभाऊ लवकर परतले, रिकाम्या हाताने. मास्तरने मासा घेतला नाही, म्हणाले. पायापाशी पडलेला बघितला आणि तसाच उभा राहिला. पंख खाली लोंबत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला, "वहिनी, येता का? गाडी चालवायची आणि त्याला धरायचं, दोन्ही मला जमणार नाही." अनिल ड्यूटीवर होता. मी घरच्या गाउनवर अबाया चढवला आणि खाली उतरले.

मास्तर दगडांच्या बेचक्यात बसला होता, मान जमिनीवर टाकून. इतक्या वर्षांत जो पक्षी कधी हाताच्या अंतरावर आला नव्हता, त्याला राजाभाऊंनी टॉवेलात गुंडाळला तरी त्याने साधी चोच मारली नाही. कपड्यांच्या बास्केटमध्ये त्याला ठेवून मी मागच्या सीटवर बसले. केवढा मोठा पक्षी, आणि हाताला लागलं काय तर नुसती हाडं.

डोंगरांमधल्या रस्त्याने शारजाकडे जाताना राजाभाऊ सारखे बोलत होते. "तेल आहे हे. कोणीतरी जहाजातलं घाण पाणी सोडलंय. मी रिपोर्ट करणार, वहिनी. आमच्या टर्मिनलचं असलं तरी नाव घेणार. रिटायरमेंट तोंडावर आहे, काढून टाकलं तर टाकू दे." मी आरशातून त्यांच्याकडे बघत होते. साधनाच्या वेळीही हे असंच करत होते, पाण्यात काही होतं का, भाजीवर काही फवारलं होतं का. कोणाला तरी धरून जाब विचारता आला तर माणसाला बरं वाटतं.

शारजाच्या पक्ष्यांच्या दवाखान्यात मैथिली आधीच येऊन थांबली होती. डॉक्टरीणबाई हैदराबादच्या, बानू त्यांचं नाव. बोलायला गोड, हात चपळ. त्यांनी मास्तरचे डोळे पाहिले, विष्ठेचा हिरवा रंग पाहिला, रक्त काढलं आणि एक्स-रे काढायला आत नेलं. थोड्या वेळाने आम्हा तिघांना बोलावून त्यांनी स्क्रीन आमच्याकडे वळवला.

करड्या, धूसर हाडांमध्ये पोटाच्या जागी एक पांढराशुभ्र आकार होता. खाली गोल, वर टोक. अंगावर फिकट रेषा. टोकाला बारीक कडं.

"मेटल है, वो तो पक्का," डॉक्टर बानू डोळे बारीक करून म्हणाल्या. "लेकिन शेप देखो ना इसका. लहसुन की गांठ जैसा. कान का झुमका है क्या किसी का?"

खोलीत आम्ही तीन मराठी माणसं. मैथिलीने माझं मनगट घट्ट धरलं, तिची नखं रुतली. राजाभाऊंकडे बघायचा मला धीर झाला नाही. त्यांनी ओळखू नये, असा वेडा नवस मी त्या क्षणी बोलले.

"मोदक," राजाभाऊ म्हणाले.

"जी?"

"मोदक है. मिठाई होती है हमारी. गणपती को चढ़ाते हैं." मग त्यांचा आवाज अगदी ऑफिसात रिपोर्ट वाचावा तसा झाला. "सीसे का है, डॉक्टर. मैंने बनाया है."

डॉक्टर बानूंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग हळूहळू समजावून सांगितलं. कोणाची तरी दोरी तुटली असेल, मासा वजनासकट सुटला असेल, आणि पक्ष्याने तो सबंध गिळला असेल. पोटातल्या आम्लात शिसं विरघळत राहतं, रक्तात जातं, मग नसा मरतात. मान धरवत नाही, अन्न खाली सरकत नाही. भरल्या समुद्राकाठी पक्षी उपाशी मरतो. ते वजन नळीने बाहेर काढून बघू, इंजेक्शनं देऊ. "कोशिश करेंगे. इन्शाल्ला."

बाहेर बाकावर बसल्यावर राजाभाऊ मुलीला म्हणाले, "बोल."

"बाबा, नॉट नाऊ."

"नाही, बोल. तू सांगितलं होतंस."

मैथिलीने मान हलवली. ही मुलगी इथेच जन्मली, इथेच वाढली, बापाशी कायम इंग्रजीतच भांडली. ती मराठीत म्हणाली, "मला काही बोलायचं नाही. मला फक्त मास्तर बरा व्हायला हवाय, बाबा." आणि मग लहानपणी रडायची तशी तोंड उघडं टाकून रडली. राजाभाऊंनी तिच्या पाठीवर हात ठेवायला उचलला आणि मध्येच थांबवला. स्वतःच्या तळहाताकडे बघत बसले. मी तो हात धरून तिच्या पाठीवर ठेवला.

वजन निघालं. डॉक्टरांनी स्टीलच्या वाटीत आणून दाखवलं. काळंठिक्कर पडलं होतं, अंगाला खड्डे पडले होते, पण कळ्या दिसत होत्या. तो मोदक स्वतः राजाभाऊंनी गमावलेला, की शौकतने, की आणखी कोणी, हे कळायला मार्ग नव्हता. कळून फरकही पडला नसता. तिथे ज्याच्याकडे असेल त्याच्याकडे तो त्यांनीच दिलेला. वाटी मैथिलीने घेतली. त्यांनी हात पुढे केला नाही.

राजाभाऊ लेकीकडे नहदाला राहिले आणि रोज दवाखान्यात जायला लागले. एका संध्याकाळी त्यांचा फोन आला, आवाजात हसू. "वहिनी, खाल्लं! चिमट्यातून एक मासा घेतला, आणि मान वर केली. मैथिलीने व्हिडिओ काढलाय, पाठवते म्हणाली." तो व्हिडिओ माझ्याकडे अजून आहे. मास्तर डुगडुगत उभा राहतो, मासा गिळतो, आणि मागून राजाभाऊंचा आवाज येतो, "शाब्बास रे, शाब्बास." अनिल आणि मी तो चार-पाचदा बघून झोपलो. सकाळी मैथिलीचा मेसेज आला की पिंजरा साफ करायला गेलेल्या मुलीला तो कोपऱ्यात आडवा सापडला, गार पडलेला.

त्या दिवशी त्यांनी लेकीला एवढंच सांगितलं. तो एक्स-रे तुझ्या ग्रुपला दाखव. सगळ्यांना दाखव. आणि कोणाचं वजन विचारलं तर माहीत नाही म्हणू नकोस. राजाराम वर्तक, सेफ्टी ऑफिसर, असं सांग.

साचा त्यांनी टर्मिनलवर नेला आणि घातक कचऱ्याच्या पिंपात टाकला, लेबल लावून, नियमाप्रमाणे. अनिल तिथे होता. "झाकण लावल्यावर पिंपावर हात ठेवून उभेच राहिले गं," तो मला म्हणाला. "माझ्याने थांबवेना, मी ऑफिसात निघून गेलो." साधनाच्या हातची ती एकच वस्तू त्या घरात वापरात होती.

मग राजाभाऊ पिशवी घेऊन ब्रेकवॉटरवर मोदक परत मागत फिरले. बरोबर स्टीलची वजनं नेली होती, बदल्यात द्यायला. काहींनी दिले. काहींना ते हलकं वजन नको होतं. गव्हर्न्मेंटने बंद केलं का, मग तुम्ही कोण सांगणार, असंही एकाने ऐकवलं. शौकतने मोदक दिले, पण खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "राजाभाई, एक परिंदे के लिए इतना रोते हैं? उसका दाना-पानी इतना ही था." हम्मादने आपला डबा सबंध पिशवीत उपडा केला. मग काठीने पाण्याकडे दाखवून विचारलं, "ऊपर का तो तू ले गया, राजा. नीचे जो पड़ा है, वो कौन निकालेगा?"

राजाभाऊ त्या दिवशी घरी आले ते आमच्या सोफ्यावर बसले आणि त्यांना उठताच येईना.

मला कोणी विचारत नाही, तरी सांगते. शिशावर बंदी हवी की नको, यावर मैथिलीच्या ग्रुपमध्ये आणि गळवाल्यांच्या ग्रुपमध्ये सध्या जोरात वाद चाललाय. बंदी कशाला, माणसं समजूतदार असतात, त्यांच्यावर सोडा, असं बरेच जण म्हणतात. मी म्हणते, राजाभाऊंहून समजूतदार माणूस मला आणून दाखवा. स्टुलावर चढू न देणारा माणूस. त्या पक्ष्यासाठी शर्टाला इस्त्री करणारा माणूस. त्याच्या समजूतदारपणाने नाही थांबलं, त्याच्या मायेने नाही थांबलं, लेकीने तोंडावर सांगितलं तरी नाही थांबलं. शिसं मिळालंच नसतं, वापरलंस तर दंड होईल असं कोणी दरडावलं असतं, तर सेफ्टीवाले राजाभाऊ सगळ्यात आधी मुकाट्याने थांबले असते. नियम म्हटला की तो माणूस कधी मोडत नाही. मास्तर आज दगडावर उभा असता. मला याचाच राग येतो.

गेल्या शनिवारी सकाळी त्यांनी मला पुन्हा बरोबर यायला सांगितलं. गळाची काठी घेतली नव्हती, खुर्ची नव्हती. कशाला जातोय विचारलं तर म्हणाले, मॉनिटरला हाकलायला.

तो मास्तरच्या दगडावर उभा होता, मान आत ओढून, अगदी तसाच. राजाभाऊ पाण्याच्या कडेला गेले. "जा!" ओरडले. "यल्ला, जा इथून! इथे विष आहे!" आणि हाकलायला म्हणून त्यांनी उजवा हात डोक्यावर उंच उगारला.

मॉनिटरने मान बाहेर काढली आणि एकेक पाऊल मोजत त्यांच्याकडे यायला लागला.

त्यांना कळायला क्षणभर लागला. मग हात झटकन खाली घेतला. मॉनिटर थांबला, वाट बघत राहिला. त्यांनी खडा उचलून त्याच्या बाजूला पाण्यात मारला. मॉनिटरने खडा पडला तिथे चोच घातली, रिकामी बाहेर काढली आणि पुन्हा त्यांच्याकडे पाहिलं. शौकत लांबून हसला, त्या बिचाऱ्याला वाटलं खेळ चाललाय. राजाभाऊंनी दोन्ही हात पाठीमागे लपवले. त्यांचे खांदे हलत होते. "मीच शिकवलंय, वहिनी," म्हणाले. "मीच शिकवलंय हो त्याला."

मी त्यांचा दंड धरला आणि गाडीकडे चालवायला लागले. हात कुठे दिसू नयेत म्हणून ते छातीशी घट्ट बांधून चालत होते, थंडी वाजत असल्यासारखे. त्यांनी एकदाही वळून पाहिलं नाही. गाडीपाशी आल्यावर दाराच्या कडीला धरून उभे राहिले आणि खाली बघत म्हणाले, "वहिनी, जरा बघा ना. येतोय का अजून?"

मी मागे पाहिलं. दगडांवरून, एकेक पाऊल मोजत, तो येत होता.

"नाही," मी म्हटलं. "गेला."